पहिला थेंब सोडण्याआधी: अतिदक्षता विभागात नळीतून आहार देण्याची रीत

आयसीयूत रुग्ण आला की पहिले काही तास सगळे श्वास, रक्तदाब आणि लघवी यांच्यामागे असतात. जेवणाचा विषय निघतो दुसऱ्या दिवशी, आणि तोही बहुतेक वेळा नातेवाईकच काढतात: "कालपासून पोटात काहीच नाही हो. पण सलाईन चालू आहे ना?" सलाईन म्हणजे जेवण नव्हे. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या एका लिटरमधून जेमतेम १७० कॅलरी मिळतात आणि प्रथिनं शून्य. साध्या नॉर्मल सलाईनमध्ये तर तेवढंही नाही.

इकडे शरीर स्वतःचेच स्नायू जाळत असतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६३ आयसीयू रुग्णांच्या मांडीच्या स्नायूचा आडवा छेद सोनोग्राफीने मोजला होता. दहाव्या दिवसापर्यंत तो सरासरी १७.७ टक्क्यांनी घटला होता. जास्त अन्न ओतलं की ही झीज थांबते, असंही नाही. पुढच्या वर्षांत ते वारंवार दिसून आलं. त्यामुळे 'भरपूर द्या' हा सल्ला इथे सापडणार नाही. वेळेवर सुरू करा, नळीचं टोक कुठे आहे ते पक्कं करा, बेताने वाढवा आणि विनाकारण थांबवू नका. सांगायला सोपं आहे, पण वॉर्डात चुकतं ते नेमकं हेच.

हा लेख आयसीयूत नव्याने रुजू झालेल्या नर्सिंग स्टाफसाठी आणि निवासी डॉक्टरांसाठी लिहिला आहे. नातेवाईकांनीही जरूर वाचावा, मात्र नळी टाकणं, तिची जागा ठरवणं आणि आहाराचं प्रमाण बदलणं ही कामं प्रशिक्षित हातांनीच करायची आहेत.

सुरू करायचं की थांबायचं?

तोंडाने जेवू न शकणाऱ्या गंभीर रुग्णाचा नळीतला आहार भरतीनंतर २४ ते ४८ तासांत सुरू व्हावा, असं युरोप आणि अमेरिका दोन्हीकडची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आतडं वापरात राहिलं तर त्याचं अस्तर टिकतं. शिवाय शिरेतून पोषण देताना येणारा जंतुसंसर्गाचा धोका टळतो.

पण आतड्याला पचनासाठी रक्त लागतं, आणि शॉकमध्ये (रक्तदाब कोसळून अवयवांना रक्त कमी पडतं तेव्हा) शरीर नेमकं आतड्याचंच रक्त आधी तोडतं. रक्तदाब सावरलेला नाही, रक्तदाब चढवणाऱ्या नॉरअॅड्रेनॅलिनचा डोस दर तासाला चढतोय, रक्तातलं लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडत असल्याची खूण) वाढतंय, अशा वेळी फीड सुरू करू नका. २०१८ मध्ये शॉकमधल्या, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांवर झालेल्या मोठ्या फ्रेंच चाचणीत सुरुवातीपासून पूर्ण आहार नळीने दिलेल्या गटात आतड्याचा रक्तपुरवठा तुटण्याचं प्रमाण २ टक्के निघालं. शिरेतून पोषण दिलेल्या गटात ते १ टक्क्याहून कमी होतं. आकडा छोटा वाटतो, पण आतडं काळं पडलेला रुग्ण एकदा पाहिला की तो छोटा राहत नाही. डोस स्थिर झाला किंवा उतरू लागला की कमी वेगाने सुरुवात करता येते.

याशिवाय आतड्यात अडथळा, आतड्याला छिद्र, पोटातून चालू असलेला रक्तस्राव, पोटातला दाब धोकादायक वाढलेला असणं, किंवा भरपूर स्राव येणारा फिस्टुला (आतड्यातून तयार झालेली भलतीच वाट) आणि त्याच्या पुढच्या आतड्यात नळी नसणं, या परिस्थितींत थांबायचं.

न थांबण्याची यादीही तेवढीच महत्त्वाची. आतड्याचे आवाज ऐकू येत नाहीत म्हणून फीड रोखणं ही जुनी सवय आहे आणि ती सोडायला हवी. स्टेथोस्कोपला ऐकू येणारे आवाज हवा आणि पाण्याच्या हालचालीचे असतात, शोषणाबद्दल ते फारसं काही सांगत नाहीत. रुग्णाला पालथं झोपवलंय, स्नायू शिथिल करणारं औषध चालू आहे, जुलाब होताहेत, यांपैकी कोणतंही कारण एकट्याने पुरेसं नाही.

नळीची निवड

नाकातून जठरात जाणारी नळी हा नेहमीचा पर्याय. वॉर्डात तिला सर्रास राईल्स ट्यूब म्हणतात. जॉन राईल या ब्रिटिश डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती वापरात आणली, तीही जेवण देण्यासाठी नव्हे तर जठरातला रस तपासायला बाहेर काढण्यासाठी. मूळ कामाची छाप तिच्यावर अजून आहे. ती जाड आणि कडक असते, अॅस्पिरेट (जठरातून ओढून काढलेला द्रव) छान देते, पण नाकाला आणि घशाला टोचते. काही दिवसांहून जास्त काळ आहार द्यावा लागेल असं दिसलं तर पॉलियुरेथेन किंवा सिलिकॉनची बारीक, मऊ फीडिंग ट्यूब बरी.

नळीची जाडी फ्रेंच या एककात मोजतात. १ फ्रेंच म्हणजे बाहेरचा व्यास एक तृतीयांश मिलिमीटर. मोठ्या माणसासाठी राईल्स साधारण १४ ते १६ फ्रेंचची, तर फीडिंग ट्यूब ८ ते १२ फ्रेंचची. बारीक नळी रुग्णाला सोसते आणि लवकर तुंबते. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवून निवडा.

कवटीच्या तळाला फ्रॅक्चर असेल किंवा तशी शंका असेल (डोळ्यांभोवती काळेनिळे डाग, कानामागे जखम नसताना निळेपणा, नाकातून पाण्यासारखा स्राव), तर नाकातून काहीही घालायचं नाही. नळी तोंडावाटे टाका.

जठर रिकामंच होत नसेल, किंवा फुप्फुसात अन्न जाण्याचा धोका फार असेल, तर नळीचं टोक जठराच्या पुढे, लहान आतड्यात नेतात. हे काम एंडोस्कोपीने, एक्स-रेच्या मदतीने किंवा सराव असेल तर खाटेपाशीच करतात. सरसकट सगळ्यांना आतड्यातली नळी टाकण्याची गरज नाही. ती टाकण्याची वाट पाहण्यातच एक-दोन दिवस उपाशी जातात. जठरातून सुरू करा, जमलं नाही तर पुढे जा. आहार चार आठवड्यांहून जास्त लागेल असं दिसलं की पोटावरून थेट जठरात जाणाऱ्या पेग ट्यूबचा विचार करतात. १९८० साली तिची पद्धत प्रसिद्ध झाली आणि त्यासाठी पोट उघडण्याची शस्त्रक्रिया बऱ्याच अंशी टळली.

नळी टाकताना

रुग्ण बेशुद्ध असला तरी काय करणार आहात ते त्याच्या कानाशी सांगा. प्लेटलेट किती, रक्त पातळ करणारं औषध चालू आहे का, अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या आहेत का, नाकाची किंवा अन्ननलिकेची शस्त्रक्रिया झालीय का, हे फाईलमध्ये आधी पाहा. त्यानंतर:

१. खाटेचं डोकं वर करा. मान दुखावलेली असेल तर ती हलवायची नाही, पूर्ण खाटच तिरकी करा.

२. दोन्ही नाकपुड्या पाहा, मोकळी असेल ती निवडा. सक्शन हाताशी चालू ठेवा.

३. लांबी मोजा: नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत, तिथून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत. मोठ्या माणसात ती बहुधा ५० ते ६० सेंटिमीटर भरते. या मापाने कधीकधी नळी थोडी आखूड पडून टोक अन्ननलिका आणि जठराच्या सांध्यावरच राहतं, म्हणून काही विभाग त्यात काही सेंटिमीटर वाढवतात. आपल्या विभागाची पद्धत कोणती ते विचारून घ्या.

४. टोकाला पाण्यात विरघळणारी जेली लावा. तेल किंवा व्हॅसलिन नको. चुकून श्वासमार्गात गेलं तर फुप्फुसाला सूज येते.

५. नळी नाकाच्या तळाला समांतर, सरळ मागे न्या. कपाळाच्या दिशेने वर ढकलायची नाही. घशाशी आली की हनुवटी थोडी छातीकडे झुकवा. शुद्धीत असलेल्या आणि गिळू शकणाऱ्या रुग्णाला गिळायला सांगा, प्रत्येक घोटासोबत थोडी पुढे सरकवा.

६. अडलं तर थांबा, थोडी मागे घ्या, फिरवून पुन्हा पाहा. जोर लावायचा नाही. ठसका लागला, ऑक्सिजन उतरला, आवाज बदलला किंवा व्हेंटिलेटरवर हवेची गळती दिसू लागली तर नळी पूर्ण बाहेर.

७. ठरलेल्या खुणेपर्यंत पोहोचल्यावर नाकाला चिकटपट्टीने बसवा आणि नाकपुडीपाशी किती सेंटिमीटर आहे ते लिहून ठेवा. हा आकडा पुढचे अनेक दिवस उपयोगी पडणार आहे.

नव्या लोकांचा एक गैरसमज पक्का असतो: घशात श्वासाची नळी आहे, तिचा कफ (नळीभोवतीचा हवेचा फुगा) फुगवलेला आहे, मग राईल्स श्वासनलिकेत जाईलच कशी? जाते. बारीक नळी फुगवलेल्या कफच्या बाजूने सहज सरकते. आणि गुंगीच्या औषधाखाली असलेला रुग्ण ठसकत नाही. ठसका लागला नाही, म्हणजे नळी बरोबर ठिकाणी आहे असं समजायचं नाही.

टोक कुठे आहे?

संपूर्ण लेखातून एकच परिच्छेद लक्षात ठेवायचा असेल तर तो हा. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने 'कधीच घडू नयेत' अशा घटनांची यादी २००९ मध्ये काढली. त्यात शस्त्रक्रिया भलत्याच बाजूला होण्याच्या जोडीला चुकीच्या जागी गेलेली आणि वापरण्याआधी लक्षात न आलेली आहाराची नळीही आहे. फुप्फुसात शंभर मिली फीड गेलं तर ते परत काढता येत नाही.

सिरिंजने हवा सोडायची आणि पोटावर स्टेथोस्कोप ठेवून 'फुस्स' ऐकायचं, ही पद्धत आपण सगळेच शिकलो. ती विश्वासार्ह नाही. नळी फुप्फुसात किंवा अन्ननलिकेत असली तरी तो आवाज पोटावर ऐकू येऊ शकतो. नळीचं टोक पाण्यात बुडवून बुडबुडे पाहणं, बाहेर आलेल्या द्रवाचा रंग पाहून अंदाज बांधणं, यांवरही विसंबू नका. वर्षानुवर्षं हेच करत आलेले अनुभवी हात "मला ऐकू आलं ना" म्हणतील. त्यांच्याशी वाद घालू नका, एक्स-रे मागवा.

विश्वास ठेवण्याजोगे मार्ग दोन. पहिला, ओढून काढलेल्या द्रवाचा पीएच. कागदी पट्टीवर तो ५.५ किंवा कमी आला तर टोक जठरात असण्याची खात्री धरता येते. अडचण अशी की आयसीयूत बहुतेकांना आम्ल कमी करणारी औषधं चालू असतात आणि फीडमुळेही पीएच चढतो. तो जास्त आला म्हणून नळी चुकलीच असं नाही, फक्त निर्णय एक्स-रेकडे जातो.

दुसरा, छाती आणि पोटाचा वरचा भाग दाखवणारा एक्स-रे. गंभीर रुग्णात पहिल्या वेळी तो घ्यावाच. पाहताना चार प्रश्न विचारा. नळी अन्ननलिकेच्या मार्गाने छातीच्या मध्यातून सरळ खाली उतरते का? श्वासनलिका जिथे दुभंगते तिथे ती डाव्या-उजव्या फांदीच्या दिशेने न वळता मधूनच पुढे जाते का? मध्यपटल मध्यभागी ओलांडते का? आणि टोक डाव्या मध्यपटलाच्या खाली स्पष्ट दिसतं का? चारही उत्तरं 'हो' असतील तरच सुरू करा. एका प्रश्नावर जरी चाचरलात तरी वरिष्ठांना दाखवा. फोटो आजचाच आहे ना आणि याच रुग्णाचा आहे ना, हेही पाहा; हसू नका, ही चूक होते.

मऊ नळीच्या आत बारीक तार असते. जागेची खात्री झाल्यावर ती काढायची. एकदा काढलेली तार नळी रुग्णात असताना पुन्हा आत घालायची नाही, ती नळीच्या बाजूच्या छिद्रातून बाहेर पडून जठर फोडू शकते.

एकदा पक्की झालेली जागा कायमची नसते. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला आणि प्रत्येक फीडआधी नाकपुडीपाशी सेंटिमीटरचा आकडा पाहा. जोरात उलटी, ठसक्याची उबळ, स्कॅनला नेऊन आणणं, रुग्णाने नळीला हात घालणं, यानंतर शंका आली तर पुन्हा तपासणी होईपर्यंत फीड बंद.

किती द्यायचं

हिशेब एका उदाहरणाने करू. रुग्णाचं वजन ६० किलो. पूर्ण लक्ष्य किलोमागे २५ कॅलरी धरलं तर दिवसाला १,५०० कॅलरी होतात. साध्या तयार फॉर्म्युल्यात मिलिलिटरमागे १ कॅलरी असते, म्हणजे १,५०० मिली, ताशी साधारण ६० मिली. प्रथिनं किलोमागे १.२ ते १.३ ग्रॅम, म्हणजे ७२ ते ७८ ग्रॅम. फॉर्म्युल्यात लिटरला ४० ग्रॅम असतील तर १,५०० मिलीमधून ६०च मिळतात. कॅलरी पुरतात आणि प्रथिनं कमी पडतात, असं वारंवार होतं. अशा वेळी प्रथिनांची पावडर वेगळी जोडतात किंवा फॉर्म्युला बदलतात. हा हिशेब आहारतज्ज्ञांकडून रोज तपासून घ्यावा.

पहिल्या दिवशी मात्र ६० मिलीला हात लावू नका. ताशी १० ते २० मिलीने सुरू करा, सोसतंय असं दिसलं की दर ६ ते ८ तासांनी तेवढंच वाढवा, आणि पूर्ण लक्ष्य गाठायला काही दिवस घ्या. अमेरिकेतल्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी पहिल्या ७ ते १० दिवसांसाठी किलोमागे १२ ते २५ कॅलरी एवढा रुंद पट्टा ठेवला आहे. २०१२ मध्ये फुप्फुसांना गंभीर इजा झालेल्या १,००० रुग्णांमध्ये पहिले सहा दिवस अगदी थोडा आहार आणि पूर्ण आहार यांची तुलना झाली. मृत्यूत फरक पडला नाही, थोडा आहार मिळालेल्यांना उलट्यांचा त्रास कमी झाला. सुरुवातीला थोडं कमी पडलं म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. दहाव्या दिवशीही तितकंच कमी पडत असेल तर मात्र वाटून घ्या.

दोन गोष्टी हिशेबातून निसटतात. प्रोपोफॉल हे गुंगीचं औषध चरबीत मिसळलेलं असतं आणि मिलीमागे १.१ कॅलरी देतं. ताशी १० मिली चालू असेल तर दिवसाला २६४ कॅलरी तिथूनच गेल्या. दुसरी गोष्ट पाणी: साध्या फॉर्म्युल्यात सुमारे ८५ टक्के पाणी असतं, दाट फॉर्म्युल्यात कमी. दाट फॉर्म्युला लावून सोडियम का चढतंय म्हणून डोकं खाजवायचं नसेल, तर फ्लशचं, म्हणजे नळी धुवायला सोडलेलं, पाणीही धरून दिवसाचा हिशेब मांडा.

उपाशी देहाला अन्न देताना

अनेक दिवस न जेवलेला, खूप वजन उतरलेला किंवा दारूचं दीर्घ व्यसन असलेला रुग्ण आला की वेगळी सावधगिरी लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या युद्धकैद्यांना पोटभर जेवायला दिलं तेव्हा त्यांच्यापैकी काहींची प्रकृती अचानक ढासळली होती. कारण असं: साखर आत येते, इन्शुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये खेचलं जातं. हृदयाची लय बिघडते, श्वासाचे स्नायू थकतात. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. व्हेंटिलेटरवरून निघता निघत नाही अशा रुग्णाच्या मुळाशी कधीकधी हेच फॉस्फेट निघतं.

अशा रुग्णाला फीड सुरू करण्याआधी थायमिन द्या, किमान १०० मिलिग्रॅम. क्षार तपासा आणि भरून काढा. पहिल्या दिवशी किलोमागे १० ते २० कॅलरी पुरे. अगदीच कृश असेल तर त्याहूनही कमी. नंतर क्षार दिवसातून निदान दोनदा तपासा. फॉस्फेट लिटरला ०.६५ मिलिमोल, म्हणजे डेसिलिटरला साधारण २ मिलिग्रॅमच्या खाली घसरलं तर ते भरून काढा आणि ४८ तास आहार वाढवू नका, कमीच ठेवा.

फीड देताना रोजचं काम

अतिगंभीर रुग्णाला पंपाने सतत, संथ फीड देणं सर्वांत सोसतं. पंप नसेल तर ठिबक पद्धतीने, दर काही तासांनी अर्धा ते एक तास लावून द्या. सिरिंजने एकदम बोलस (एका वेळचं सगळं फीड) देणं स्थिर रुग्णासाठी ठेवा, आणि तेव्हाही दट्ट्या काढून, सिरिंज उंच धरून, आपल्या वजनाने उतरू द्या. दट्ट्याने रेटायचं नाही. टोक लहान आतड्यात असेल तर बोलस कधीच नाही. आतड्याला जठरासारखी साठवणीची पिशवी नसते.

खाटेचं डोकं ३० ते ४५ अंशांवर. डोळ्यांच्या अंदाजाने आपण नेहमी जास्त धरतो, म्हणून खाटेवरचा कोनमापक पाहा. स्वच्छतेसाठी किंवा कूस बदलण्यासाठी रुग्णाला पूर्ण आडवं करायचं असेल तेवढ्यापुरतं फीड थांबवा, आणि काम झाल्याबरोबर सुरू करा. बोलस दिल्यावर अर्धा ते एक तास डोकं वरच राहू द्या.

हात धुवा. पावडर कालवून केलेलं फीड टांगल्यावर ४ तासांच्या वर ठेवू नका. निर्जंतुक द्रव फीड उघड्या पिशवीत ओतलं असेल तर ८ तास; बंद, तयार पिशवी उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे २४ तास किंवा जास्त. उरलेल्यात नवं ओतायचं नाही. सेट रोज बदला. स्वयंपाकघरात वाटून केलेलं पातळ अन्न घरच्या स्थिर रुग्णाला चालू शकतं, पण आयसीयूत नको. त्यात नेमकी प्रथिनं किती ते कळत नाही, जंतू लवकर वाढतात आणि बारीक नळी हमखास तुंबते.

फीडची नळी शिरेच्या नळीला जोडली जाण्याची चूक जीवघेणी असते. म्हणूनच आता आहाराच्या नळ्यांना शिरेच्या सेटला न बसणारे एनफिट जोड आले आहेत. ते नसतील तर जोडण्याआधी नळी हातात धरून रुग्णापासून पिशवीपर्यंत बोट फिरवा, आणि पिशवीवर 'फक्त नळीतून आहार' असं ठळक लिहा. रात्री मंद उजेडात पांढरं फीड आणि पांढरं प्रोपोफॉल शेजारी शेजारी लटकत असतं, एवढं आठवलं तरी बोट आपोआप फिरतं.

तुंबणं आणि औषधं

सतत चालू असलेल्या फीडमध्ये दर ४ तासांनी ३० मिली पाणी. बोलसच्या आधी आणि नंतर, अॅस्पिरेट काढल्यावर, औषधाच्या आधी आणि नंतर फ्लश. मूत्रपिंड किंवा हृदयाच्या रुग्णात हे पाणीही मोजायचं.

औषधं फीडमध्ये मिसळू नका आणि एकत्र कुटू नका. एक औषध, फ्लश, दुसरं औषध, फ्लश. सावकाश सुटणाऱ्या आणि आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाच्या गोळ्या कुटायच्या नसतात. पहिल्या प्रकारात दिवसभराचा डोस एकदम सुटतो, दुसऱ्यात औषध जठरातच वाया जातं. फिट्सवरचं फेनिटॉइन फीडसोबत नीट शोषलं जात नाही, म्हणून आधी आणि नंतर एक-दोन तास फीड थांबवतात आणि रक्तातली पातळी पाहतात. सिप्रोफ्लोक्सासिन आणि थायरॉइडच्या गोळीचंही फीडशी जमत नाही.

तुंबलीच तर मोठ्या, ३० ते ६० मिलीच्या सिरिंजने कोमट पाणी हलके आत-बाहेर करा, थोडा वेळ राहू द्या, पुन्हा करा. लहान सिरिंजने दाब फार वाढतो आणि नळी फुटते. तार घालू नका. कोला ओतण्याचा सल्ला कुणी देईल. त्यातल्या आम्लाने फीडची प्रथिनं आणखी घट्ट होतात. कोमट पाण्याने सुटलं नाही तर स्वादुपिंडाच्या एन्झाइमची पूड सोडा-बायकार्बमध्ये विरघळवून वापरतात. तेही हरलं तर नळी बदला.

पोट सोसत नाही असं वाटलं तर

जठरात किती साठलंय हे दर ४ तासांनी ओढून पाहायचं आणि दीडशे मिली आलं की फीड बंद करायचं, ही सवय बऱ्याच रुग्णांना उपाशी ठेवते. २०१३ च्या एका फ्रेंच चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या सुमारे साडेचारशे रुग्णांपैकी निम्म्यांचं अॅस्पिरेट मोजलंच नाही. त्यांच्यात उलट्या थोड्या वाढल्या, पण व्हेंटिलेटरमुळे होणारा न्यूमोनिया वाढला नाही आणि अन्न मात्र जास्त पोहोचलं. त्याला अनुसरून अनेक विभाग ते आता सरसकट मोजत नाहीत. जिथे मोजतात तिथे ६ तासांत ५०० मिलीपेक्षा जास्त आलं तरच फीड रोखण्याचा विचार करावा. एकट्या आकड्यापेक्षा पोट पाहा: फुगलंय का, ताणलंय का, दुखतंय का, उलटी होतेय का.

खरोखर साठत असेल तर वेग निम्मा करा, अफूवर्गीय औषध कमी करता येईल का ते विचारा आणि जठर हलवणारं औषध सुरू करा. शिरेतून एरिथ्रोमायसिन किंवा मेटोक्लोप्रमाइड देतात, पण ईसीजीवरचा क्यूटी (लांबला तर हृदयाची लय बिघडू शकते असं अंतर) आधी पाहायचा. दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही तर टोक आतड्यात न्या. पोट अचानक ताठ झालं, लॅक्टेट चढलं आणि रक्तदाब पुन्हा घसरला, तर या पायऱ्या मोजत बसू नका. फीड बंद करा आणि सर्जनला बोलवा.

जुलाब झाले की दोष पहिल्यांदा फीडवर येतो. बहुतेक वेळा कारण दुसरीकडे असतं: अँटिबायोटिक, सॉर्बिटॉल असलेली पातळ औषधं, चालूच राहिलेला रेचकाचा डोस, किंवा क्लॉस्ट्रिडियम डिफिसाइलचा संसर्ग. ते शोधा, आणि फीड चालू ठेवा. बद्धकोष्ठतेकडे मात्र कुणी पाहत नाही. पोट फुगण्याचं ते अगदी साधं कारण असतं.

रक्तातली साखर डेसिलिटरला साधारण १४० ते १८० मिलिग्रॅम दरम्यान ठेवतात. यातला खरा सापळा असा: इन्शुलिन चालू आणि फीड बंद. नळी निघाली, स्कॅनला नेलं, पंप थांबला, आणि इन्शुलिनचा पंप तसाच चालत राहिला. फीड थांबवणाऱ्या हाताने त्याच क्षणी इन्शुलिनकडे पाहायचं, असा नियमच करा.

थांबलेले तास भरून काढणं

लिहून दिलेलं आणि प्रत्यक्ष पोहोचलेलं यांत आयसीयूत कायम तफावत असते. स्कॅन, ड्रेसिंग, आंघोळ, 'उद्या कदाचित प्रोसिजर आहे' म्हणून मध्यरात्रीपासून उपास, आणि ती प्रोसिजर दुपारी चारला रद्द. म्हणून ताशी वेगाऐवजी दिवसाचा एकूण आकडा ठरवून द्या. ६० मिलीने दिवसाला १,४४० मिली ठरलंय, पहिल्या १२ तासांत ४ तास बंद राहिलं, म्हणजे ४८० मिली गेलं. उरलेले ९६० मिली १२ तासांत वाटले की वेग ८० होतो. सोसणाऱ्या जठरात हे चालतं, आतड्यातल्या नळीत एवढी उडी घेऊ नका. उपास सांगितला की विचारायला लाजू नका: किती वाजल्यापासून, आणि का? श्वासमार्ग आधीच सुरक्षित असलेल्या रुग्णाला प्रत्येक छोट्या कामासाठी आठ तास उपाशी ठेवायची गरज नसते.

नळी काढताना

रुग्ण जागा झाला, श्वासाची नळी निघाली, की सगळ्यांना घाई असते दुसरी नळी काढायची. जरा थांबा! बरेच दिवस घशात नळी राहिलेल्याचं गिळणं बिघडलेलं असतं, आणि अन्न श्वासमार्गात जाऊनही त्याला ठसका लागेलच असं नाही. आधी गिळण्याची तपासणी, मग पाण्याचे चमचे, मग घट्टसर अन्न. दिवसा तोंडाने आणि रात्री नळीने, असं काही दिवस चालवता येतं. गरजेच्या दोन तृतीयांशाच्या आसपास तोंडाने जाऊ लागलं की नळी काढायचा विचार करा.

पेग लावून घरी जाणाऱ्याच्या नातेवाईकांना एक गोष्ट दोनदा सांगा. पहिल्या चार आठवड्यांत नळी निसटली तर ती घरी परत आत घालायची नाही. पोटाच्या भिंतीतली वाट तोवर पक्की झालेली नसते, नळी जठराबाहेरच्या पोकळीत जाऊ शकते. जागा स्वच्छ कापडाने झाकून ताबडतोब रुग्णालय गाठायचं.

नाकातली नळी काढणं मात्र मिनिटभराचं काम आहे. फीड बंद करा, थोडं पाणी फ्लश करा, पट्टी ओली करून सोडवा. नळी बोटांनी चिमटून घट्ट बंद ठेवा, नाहीतर घशातून येताना आतलं उरलेलं श्वासनलिकेत ठिबकतं. रुग्णाला श्वास धरायला सांगा आणि एका सलग ओढीत बाहेर काढा. टोक अखंड आहे ना ते पाहा. मग नाकपुडीच्या आतून नीट बघा, चिकटपट्टीखालच्या कातडीवर नळीने व्रण पाडलेला बऱ्याचदा तेव्हाच पहिल्यांदा दिसतो.